विजेत्या वाचकाला नुसतं गर्दीत उभं करू नका

स्पर्धा जिंकणाऱ्या वाचकाला बक्षीस म्हणून कॉमिकमध्येच चितारायचं, आणि त्याचा चेहरा एखाद्या चौकटीत गर्दीत दिसला तरी मुलं खूश होतील, अशी एक कल्पना आहे. होतील खूश, पण मला ते अपुरं वाटतं. त्याला नाव द्या, संवाद द्या, त्याच्यामुळे कथेत काहीतरी घडू द्या. १९८१ मध्ये डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशन संस्थेने 'डायल एच फॉर हीरो' ही कॉमिक मालिका पुन्हा सुरू केली, तेव्हा त्यातले नायक आणि खलनायक चक्क वाचकांनी पाठवलेल्या कल्पनांवरून घेतले जात. ज्याची कल्पना त्याचं नाव अंकात छापून यायचं, वर टी-शर्ट मिळायचा.

चित्रकाराच्या बाजूने एक सांगते, कारण परळच्या आमच्या छोट्या स्टुडिओत ओळखीची माणसं कॉमिकमध्ये आणायचं काम मी केलंय. एका पासपोर्ट फोटोवर भागत नाही. समोरून, बाजूने, हसताना, ओरडताना असे फोटो हवेत आणि उभ्याने पूर्ण आकृतीही हवी. उडी मारणारा माणूस चेहऱ्यापेक्षा अंगलटीवरून ओळखू येतो! चष्मा, केसांची ठेवण, खांदे पाडून उभं राहायची सवय या खुणा अगदी लहान चौकटीतही टिकतात. विजेता लहान असेल तर पालकांची लेखी परवानगी आधीच घ्या. पानांवर शाई चढल्यावर चेहरा बदलणं फार जिवावर येतं.