डीसी परिसरात राहायला कुठली काउंटी? एक नोकरी रेस्टनला, दुसरी गेदर्सबर्गला

अबोली_एडिसन
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या न्यू जर्सीत एडिसनला आहोत, येत्या उन्हाळ्यात डीसी भागात यायचं ठरलंय. नवऱ्याचं ऑफिस व्हर्जिनियात रेस्टनला, आठवड्यातून दोन दिवस जावं लागेल. माझी नोकरी मेरीलँडात गेदर्सबर्गला लॅबमध्ये, म्हणजे रोज जाणं आलं. मुलगी तिसरीत जाईल. सासूबाई-सासरे वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. दोघंही गाडी चालवत नाहीत, त्यामुळे त्यांना पायी बाहेर पडता येईल अशी जागा हवी.

ओळखीतले सगळे म्हणतात लाउडनलाच या, तिथे आपले लोक भरपूर. नकाशात लाउडनमधलं ॲशबर्न ते गेदर्सबर्ग फार लांब दिसत नाही. व्हर्जिनियातल्या लाउडन, फेअरफॅक्स आणि मेरीलँडातल्या माँटगोमेरी, हॉवर्ड यांतून कसं निवडावं? पहिलं वर्ष भाड्यानेच राहू.

रॉकव्हिलकर
अबोली, काउंटी नंतर ठरवा, आधी नदीचा काठ ठरवा. ॲशबर्न आणि गेदर्सबर्गच्या मधे पोटोमॅक नदी आहे. बेल्टवेवरचा, म्हणजे डीसीभोवतीच्या गोल महामार्गावरचा, अमेरिकन लीजन ब्रिज सोडला की वरच्या अंगाला थेट पॉइंट ऑफ रॉक्सपर्यंत पूलच नाही. लीसबर्गजवळ व्हाइट्स फेरी गाड्या पलीकडे न्यायची, तीही डिसेंबर २०२० मध्ये व्हर्जिनियाकडच्या धक्क्याच्या जागेच्या वादात बंद पडली. म्हणजे नकाशात समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांसाठी रोज खाली बेल्टवेपर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं.

"आज ना उद्या पूल होईल" असं घर दाखवणारे सांगतात. त्या भरवशावर घर घेऊ नका. माँटगोमेरीने १९८० मध्ये काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, सुमारे ९३,००० एकर, शेतीसाठी राखून ठेवला, आणि नवा पूल झाला तर त्याचा रस्ता नेमका त्यातूनच जाईल. काउंटीचा त्याला वर्षानुवर्षं ठाम विरोध आहे.

तुम्हाला रोज जायचंय, नवऱ्याला दोनच दिवस. मी तरी सरळ गेदर्सबर्गच्याच काठावरचं रॉकव्हिल किंवा नॉर्थ पोटोमॅक बघेन.

ॲशबर्नची_सई
मी लाउडनची, आणि मला इथे मनापासून आवडतं. साउथ रायडिंग, ब्रॅम्बलटन, ॲशबर्न, कुठेही जा, मुलीला मैत्रिणी आणि आजी-आजोबांना गप्पांना माणसं मिळतील. नोव्हेंबर २०२२ पासून मेट्रोची सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत आली, त्यामुळे डीसीत नोकरी असणाऱ्यांची मोठी सोय झाली. डलस विमानतळ जवळ, आणि सासू-सासऱ्यांना दरवर्षी आणायचं-सोडायचं असेल तर ही गोष्ट छोटी नाही.

तरीही तुमच्या गणितात मी लाउडन सुचवणार नाही. रॉकव्हिलकर म्हणतात ते पुलाचं अगदी खरं आहे. शिवाय लाउडनमधल्या ग्रीनवे या टोलरस्त्याचा टोल ऐन गर्दीत एका वेळेचा पाच डॉलरच्या वर जातो, पुढे डलस टोल रोड वेगळा. गेदर्सबर्गला जाताना तुम्हाला दोन्ही लागतील, नाहीतर रूट ७ वर सिग्नल मोजत बसावं लागेल.

लाउडनमध्ये कधी घर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथे नव्या शाळा सतत उघडतात, म्हणून शाळांच्या हद्दी बदलत राहतात. आज समोर दिसणारी शाळा तीन वर्षांनी तुमची असेलच असं नाही. आणि ॲशबर्न-स्टर्लिंगला डेटा सेंटर्स प्रचंड आहेत. घरामागे मोकळं रान दिसलं तर त्या जमिनीचं झोनिंग (ती कशासाठी वापरता येते) काउंटीच्या साइटवर जरूर तपासा. त्यांच्या पंख्यांची घरघर रात्री खिडकी उघडली की कळते, दुपारी घर बघायला गेल्यावर कळत नाही.

उलट्या_दिशेने
माझं मत थोडं वेगळं आहे. अंतराइतकीच दिशा महत्त्वाची. सकाळी आय-२७० वर, म्हणजे बेल्टवेहून गेदर्सबर्गकडे जाणाऱ्या महामार्गावर, लोंढा दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे जातो. तुम्ही व्हर्जिनियात राहून गेदर्सबर्गला गेलात तर २७० वर दोन्ही वेळा उलट्या दिशेने, म्हणजे मोकळ्या बाजूने जाल. याउलट मेरीलँडात राहून रेस्टनला जाणारा माणूस संध्याकाळी टायसन्सहून लीजन ब्रिजकडे येणाऱ्या गर्दीत सापडतो, आणि तो पट्टा या भागातल्या सगळ्यात वाईट पट्ट्यांपैकी आहे. व्हिएन्ना किंवा मॅक्लीन परवडत असेल तर तेही बघा. रेस्टन हाकेच्या अंतरावर आणि पूलही जवळ.

रॉकव्हिलकर
दिशेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मॅक्लीनच्या भाड्याचे आकडे बघितलेत ना? आणि पुलावर अपघात झाला की दिशा कुठलीही असो, सगळे अडकतात. आठवड्यातून दहा वेळा ती जोखीम घ्यायची की चार वेळा, इतकाच प्रश्न आहे. शाळेतून "मुलीला ताप आलाय, घेऊन जा" असा फोन आला तर नदीपलीकडून कोण पोचणार? रोज लॅबला जाणारी आई शाळेच्याच काठावर असलेली बरी.

जमाखर्च
कराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि डीसीमध्ये परस्पर करार आहे. पगारावरचा राज्य-कर जिथे राहता तिथे भरायचा, नोकरी कुठे आहे ते बघत नाहीत. म्हणजे मेरीलँडात राहिलात तर दोन्ही पगारांवर मेरीलँडचा कर लागेल, त्यावर काउंटीचा स्वतःचा आयकर, माँटगोमेरी-हॉवर्डमध्ये तीन टक्क्यांहून जास्त. नोकरी सुरू होतानाच नवऱ्याच्या ऑफिसला मेरीलँडचा कर कापायला सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये धावपळ होते.

व्हर्जिनियात काउंटीचा आयकर नाही, पण गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर बसतो. दोन नव्या गाड्या असतील तर तो जाणवतो. तरीही दोन चांगल्या पगारांच्या घराला एकूण हिशेबात व्हर्जिनिया बहुधा स्वस्त पडतं. तो फरक एकदा मांडा, आणि त्याच्यासमोर वर्षभराचा टोल, पेट्रोल आणि गाडीत जाणारे तास ठेवा.

अबोली_एडिसन
सगळ्यांचे खूप आभार! पुलाबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. शाळांचं कसं? एडिसनमध्ये गावाचं नाव सांगितलं की शाळा कळते. आणि व्हर्जिनियात राहिलो नाही तर टीजेची (थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नावाजलेल्या सरकारी हायस्कूलची) संधी जाईल, हे ऐकून नवरा अस्वस्थ झालाय.

शाळेतली_ताई
अबोली, न्यू जर्सीसारखं गावागणिक शाळांचं डिस्ट्रिक्ट इथे नाही. अख्ख्या काउंटीची एकच शाळा-व्यवस्था, फेअरफॅक्स आणि माँटगोमेरी दोन्हींत दीड लाखाहून जास्त मुलं. म्हणून "अमुक काउंटी चांगली" यावरून तुमच्या शाळेबद्दल काहीच कळत नाही. काउंटीच्या साइटवर घराचा पूर्ण पत्ता टाकून प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल तिन्ही बघा.

गावाच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. व्हर्जिनियात शहरं कायद्याने काउंटीपासून वेगळी असतात. फॉल्स चर्च शहराच्या स्वतःच्या शाळा आहेत, पण पत्त्यात "फॉल्स चर्च" असलेली पुष्कळ घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत येतात. अलेक्झांड्रियाचंही तसंच. जाहिरातीत एक नाव आणि शाळा दुसरीच, असं होतं.

टीजेबद्दल: ती फक्त उत्तर व्हर्जिनियातल्या ठरावीक काउंटी-शहरांतल्या मुलांसाठी आहे, हे खरं. पण २०२१ च्या प्रवेशापासून प्रत्येक सहभागी मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखीव असतात. ठरावीक मिडल स्कूलजवळ महागडं घर घेण्याचा जुना हिशेब त्यामुळे राहिला नाही. माँटगोमेरीतही सिल्व्हर स्प्रिंगच्या ब्लेअर हायस्कूलचा विज्ञान-गणिताचा मॅग्नेट (निवडक मुलांसाठीचा खास अभ्यासक्रम) नावाजलेला आहे. तुमची मुलगी तिसरीत आहे हो. तिला आत्ता घरी वेळेवर पोचणारे आई-बाबा जास्त हवेत.

कोलंबियाचा_पाहुणा
हॉवर्डसाठी थोडक्यात. कोलंबिया १९६७ पासून आखून वसवलेलं आहे, तळी आणि पायवाटा सुरेख. फोर्ट मीडच्या लष्करी तळावर किंवा बाल्टिमोरला नोकरी असेल तर याच्याइतकी सोयीची जागा नाही. तुमच्यासाठी मात्र रेस्टन फारच लांब पडेल. यादीतून काढून टाका.

अबोली_एडिसन
काल दोघांनी बसून सगळं वाचलं. पहिलं वर्ष रॉकव्हिललाच राहायचं पक्कं केलंय. नवरा रेस्टनचे दोन दिवस पुलावरून काढेल, गर्दी टाळायला लवकर निघून लवकर परतायची परवानगी मागणार आहे. आता फक्त सासू-सासऱ्यांचं सांगा. नेमकं कुठे घर बघू?

रॉकव्हिलकर
रॉकव्हिल किंवा शेडी ग्रोव्ह या मेट्रोच्या रेड लाइनच्या स्टेशनांजवळ, जिथे पदपथ सलग आहे आणि वाणसामानाचं दुकान व वाचनालय रस्ता न ओलांडता किंवा एकाच सिग्नलने गाठता येतं. काउंटीच्या राइड ऑन बसला २०२५ च्या उन्हाळ्यापासून तिकीटच नाही, त्यामुळे त्यांना सुटे पैसे, कार्ड कशाचीच कटकट नाही. तिथून गेदर्सबर्ग तुम्हाला उलट्या दिशेचं आणि जवळचं. शिवविष्णू मंदिर लॅनहॅमला आहे, तिथे शनिवार-रविवारी गाडीनेच जावं लागेल.

घर बघायला याल तेव्हा मंगळवार ते गुरुवारमधला दिवस निवडा आणि संध्याकाळी पाचला रेस्टनहून पूल ओलांडून रॉकव्हिलपर्यंत स्वतः गाडी चालवून या. भाडेकरार करताना सहा महिने राहणाऱ्या पाहुण्यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते आधी विचारा. बऱ्याच संकुलांत काही आठवड्यांहून जास्त राहणाऱ्यांची नावं करारात नोंदवावी लागतात.