घोटा मोकळा केला की उडी वाढते का?

प्रश्न असा की फिजिओकडून घोट्याचं मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन सांधा मोकळा करणं) करून घेतलं तर व्हॉलीबॉलमध्ये स्पाइकची, म्हणजे नेटवरून चेंडू जोरात खाली मारायची, उडी वाढेल का. घोटा पूर्वी मुरगळून आखडलेला असेल तर फायदा होऊ शकतो, पण तो आधी घोटा वाकण्यात दिसतो. उडी लगेच वाढेल असं धरून चालू नका. आणि त्या ‘कट्’ आवाजाने हाड जागेवर बसत नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज.

आधी घरी तपासा. अनवाणी भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल थोडं थोडं मागे घ्या. टाच सुटायच्या आत अंगठा भिंतीपासून किती लांब गेला ते पट्टीने मोजा. दोन्ही पायांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक निघाला तर फिजिओला जरूर दाखवा. घोटा नीट वाकत नसला की ब्लॉकवरून (समोरचा फटका नेटवर अडवायच्या उडीवरून) उतरताना ताण गुडघ्याच्या वाटीखाली जातो. आपल्या खेळातल्या ‘जंपर्स नी’चं (उड्यांमुळे वाटीखाली होणाऱ्या दुखण्याचं) ते एक कारण.

मोकळा झालेला घोटा वापरला नाही तर पुन्हा आखडतो, म्हणून एका पायावर तोल आणि पोटरीचे व्यायाम हवेतच. नॉर्वेत १९९०च्या दशकात संघांना नेटजवळ उडी घेण्या-उतरण्याचं तंत्र शिकवलं, बॅलन्स बोर्डवर (तोल साधायच्या डगमगत्या फळीवर) सराव दिला, तेव्हा घोटा मुरगळणं जवळपास निम्म्यावर आलं. बहुतेक घोटे नेटखाली दुसऱ्याच्या पावलावर उतरूनच जातात!

दुखापत ताजी असेल आणि चार पावलंही टाकता येत नसतील, तर मॅनिप्युलेशन नको, आधी एक्स-रे काढा.