मैना आणि बंड्या: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए ४०३: नमस्कार मंडळी. काल रात्रीही बी विंगकडून कुत्र्याच्या रडण्याचा आवाज येत होता. तक्रार म्हणून लिहीत नाही, पण पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. नवीन दत्तक आणलेली कुत्री आहे ना? तिला काही दुखतंय का?

बी ३०४: काका, तुमची झोपमोड झाली याचं खरंच वाईट वाटतंय. आमचीच मैना ती. दुखत काही नाही, डॉक्टरांना दाखवून झालंय. दिवसभर सोफ्यामागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते. आणल्यापासून दिवसा एकदाही भुंकलेली नाही, इतकी गुणी आहे. पण रात्री आम्ही आत झोपायला गेलो की बाहेरच्या खोलीत दाराशी बसून सुरू होते.

सी ५०१: ताई, आज रात्रीच तिचं अंथरूण तुमच्या झोपायच्या खोलीत आणा. पलंगावर घ्यायला नको. खाली, भिंतीला लागून, पण तुमचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. ज्या जागी तिला कुणीच ओळखत नाही तिथे रात्री तिला एकटी ठेवलीत तर ती रडणारच.

बी २०१: पण मग एकटं झोपायची सवय कशी लागणार? एकदा आत घेतली की कायमची आत.

सी ५०१: सवय नंतर लावता येते, आधी भीती तर जाऊ दे. अंथरूण रोज थोडं थोडं दाराकडे सरकवायचं, मग दाराबाहेर. घाई नाही. घाबरलेल्या जिवाला एकटं ठेवून धीट करता येत नाही.

आणि ताई, एक गोष्ट मनापासून सांगते. ती दिवसा गप्प असते तो गुणीपणा नाही, तो धसका आहे. माझ्याकडे तात्पुरती म्हणून जी कुत्री राहून गेली, त्यातली सगळ्यात जास्त घाबरलेली सगळ्यात गप्प होती. खात नाही, हलत नाही, हात लावला तरी विरोध करत नाही, आणि घरचे म्हणतात किती लवकर रुळली! रुळलेला कुत्रा आळस देतो, आडवातिडवा पसरून झोपतो, घरभर नाक लावत फिरतो, काहीतरी चोरतो. मैनाने तुमची चप्पल पळवली की मला आवर्जून कळवा, मला फार आनंद होईल.

बी ३०४: काल मी जवळ जाऊन बसले तर सारख्या जांभया देत होती. मला वाटलं झोप आली असेल.

सी ५०१: भरदिवसा, समोर माणूस बसलेला असताना सारख्या जांभया, जिभेने ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, उकाडा नसताना धापा टाकणं, याचा अर्थ एकच, की जरा लांब व्हा. तुम्ही उठून लांब बसलात ना, की तिला कळतं या घरात आपलं म्हणणं ऐकलं जातं. माझ्या मते पहिल्या आठवड्यात तिला शिकवायचा हा एकच धडा.

बी ३०४: मग मी तिच्याजवळ जायचंच नाही?

सी ५०१: तुम्ही जाऊ नका, तिला येऊ द्या. खाली जमिनीवर तिच्याकडे थोडी पाठ करून बसा, पुस्तक वाचा, फोनवर हळू आवाजात बोला. ती येऊन वास घेईल. तेव्हाही हात पुढे करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हनुवटीखाली किंवा छातीवर जरासं खाजवा आणि थांबा. ती पुन्हा सरकली तर पुन्हा खाजवा. डोक्यावरून हात आणू नका, वरून येणारा हात तिला मारायला आल्यासारखा वाटतो.

ए १०२: ताई, हे आमच्या बंड्यालाही लागू ना? तो तीन पायांचा, सगळ्यांनी पाहिलाच असेल. खातो चांगला, पण घरात चालताना पाय घसरतात, मग एका जागी उभाच राहतो. आणि झाडू हातात घेतला की थरथर कापतो.

सी ५०१: काका, आधी फरशीचं करा. ज्या कुत्र्याचं आयुष्य माती-डांबरावर गेलं त्याला गुळगुळीत फरशी बर्फासारखी लागते, त्यात याला तीनच पाय. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत पायपुसणी किंवा सतरंज्या अंथरून वाट करून द्या. ती वाट पक्की झाली की तो स्वतःच पुढे जाईल.

ए ३०१: झाडूवरून एक आठवलं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह आपल्याला शाळेपासून माहीत आहेत: खाण्याआधी रोज घंटा वाजवली की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते. पण १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली होती. माणसांनी पोहत जाऊन त्यांना बाहेर काढलं, जीव वाचले. पण नंतर काही कुत्र्यांचं शिकवलेलं सगळं विस्कटून गेलं. पुढे बऱ्याच काळाने एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली तरी ते बिथरायचं. सुटका झाली म्हणून सुटकेआधीचं पुसलं जात नाही. तुमच्या बंड्याला झाडूत काय दिसतं ते आपल्याला कधीच कळणार नाही, पण त्याला ते दिसतं एवढं खरं.

सी ५०१: आजोबा, अगदी नेमकं सांगितलंत. आणि त्याच नियमाने उलटही जाता येतं. काका, झाडू खोलीच्या पार टोकाला जमिनीवर आडवा ठेवा, कुणाच्याही हातात नको. बंड्याला तो दिसला की लगेच त्याच्या आवडीचा तुकडा. झाडू उचलून ठेवला की तुकडा बंद. असं रोज थोडाच वेळ. तो झाडू पाहून तुमच्या हाताकडे बघायला लागला की मगच झाडू हातभर जवळ. एखाद्या दिवशी तुकडाच घेत नसेल तर समजा आपण फार जवळ गेलो, मागे सरका. आणि घर झाडायचं असेल तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर सकाळची मेहनत दुपारी वाया.

ए १०२: करतो. आम्हा दोघांना धास्ती एवढीच वाटते की तो वयाने मोठा आहे. पिल्लाला लागतो तसा लळा याला लागेल का?

सी २०२: काका, मी जनावरांची डॉक्टर म्हणून सांगते, लागेल. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांची ओळख व्हायला सगळ्यात मोलाचा, हे खरं. त्या काळात माणूस भेटलाच नाही तर पुढे अवघड जातं. पण बंड्या माणसांच्या आसपासच वाढलेला दिसतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ मध्ये निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका अनोळखी व्यक्तीने प्रत्येक कुत्र्याला फक्त तीन वेळा, दर वेळी १० मिनिटं दिली. त्यानंतर ती कुत्री त्या व्यक्तीशी परक्या माणसापेक्षा वेगळी, ओढ असल्यासारखी वागायला लागली. मोठा कुत्रा माणूस जोडायला आसुसलेला असतो, आपण फक्त घाबरवायचं नाही.

ए १०२: हे हिला वाचून दाखवलं. डोळ्यात पाणी आलं तिच्या.

ए २०४: माझं मत जरा वेगळं आहे. मैना परवा लिफ्टमध्ये माझ्यावर गुरगुरली. अशा वेळी पट्टा ओढून दटावलंच पाहिजे, मालक कोण ते कळायला हवं. नाहीतर डोक्यावर बसतात.

सी २०२: दादा, हे मालक कोण वगैरे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून आलं, १९४७ च्या सुमाराचा. मोकळ्या रानातले लांडगे आईबाप आणि पोरं असं कुटुंब करून राहतात. लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मीच यांच्या लिखाणातून तो विचार जगभर पसरला, त्यांनीच पुढे तो चुकीचा असल्याचं लिहिलं. आणि गुरगुरणं ही सूचना असते. सूचना दिल्याबद्दल मार बसला तर कुत्रं सूचना द्यायचं सोडतं आणि थेट चावतं. गुरगुरणारं कुत्रं मला चालतं, गुरगुरायला घाबरणाऱ्या कुत्र्याची मला काळजी वाटते.

ए २०४: पण उद्या चावली तर? घरात लहान मूल आहे माझ्या.

सी २०२: प्रश्न रास्त आहे. दोघांचीही रेबीजची लस झालेली आहे, कागद मी पाहिलेत. तरी कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, अगदी लस दिलेल्याचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. बाकी लिफ्टचं म्हणाल तर ती जागाच अशी आहे की पळता येत नाही.

बी ३०४: दादा, आम्ही आता जिन्यानेच जातो. लिफ्ट नंतर, तिला जमेल तेव्हा.

ए २०४: ठीक आहे. मीही कधी लिफ्टमध्ये असलो तर तुमच्यासाठी बाहेर येईन, हरकत नाही.

बी १०५: माझ्या मुलांनी दोन्ही कुत्र्यांसाठी चित्रं काढलीत. त्यांना भेटायला कधी आणू?

सी ५०१: चित्रं आजच दाराखालून सरकवा! भेट मात्र थोडी थांबू दे. कुत्री सांभाळणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले ३ दिवस नुसता गोंधळ, ३ आठवड्यांत घराची घडी कळते, ३ महिन्यांत हे घर आपलं वाटायला लागतं. तो काही कायदा नव्हे. कुणाला महिनाभरात जमतं, कुणाला वर्ष लागतं. पण पहिल्या काही दिवसांत पाहुणे, फोटो, आंघोळ, बाजारात फेरी, वाढदिवस, यातलं काहीही नको, एवढं त्यातून घ्या. मुलांना आत्तापासून इतकंच शिकवा की जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही, आणि त्याच्यापासून पळायचं नाही.

सी २०२: आणि चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा द्यायचा नाही, मुलं प्रेमाने काहीही भरवतात. ताई, काका, खाणं बदलायचं असेल तर आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदला. एकदम बदललंत तर पोट बिघडतं, घरात घाण होते, मग ओरडा बसतो आणि बिचाऱ्याला वाटतं घरच वाईट.

बी ३०४: मैना सुटली. मागचं गेट उघडं होतं. पट्टा हातातून निसटला. प्लीज कुणी पाहिलं तर सांगा.

ए ४०३: मी खाली येतोय, पकडतो.

सी ५०१: काका थांबा! कुणीही मागे पळू नका, नावाने हाकाही मारू नका. पळणाऱ्याच्या मागे माणूस धावला की ते आणखी लांब जातं, रस्त्यावर जातं. गॅलरीतून ज्यांना दिसते त्यांनी फक्त जागा सांगा.

सी ३०३: पाण्याच्या टाकीमागे आहे. भिंतीला चिकटून बसलीय.

सी ५०१: छान. दोन्ही गेटं लावा, कुणीतरी तिथेच उभं राहा. ताई, तुम्ही एकट्याच जा. सरळ तिच्या रोखाने नको, वळसा घालून. बऱ्याच अंतरावर आडव्या बसा, डोळ्यात बघू नका. तिचं अंथरूण कुणीतरी घरातून आणून तुमच्याजवळ ठेवा. आणि वाट बघा.

बी १०५: मुलांना आत घेतलं. गाडी कुणी काढू नका.

सी ३०३: उठली. अंथरुणाचा वास घेतेय.

सी ३०३: ताईंच्या मांडीला टेकून बसली!

बी ३०४: पट्टा हातात आहे. घरी आलो. काय बोलू, सगळ्यांचे खूप आभार. हात अजून थरथरतायत.

सेक्रेटरी: मागच्या गेटची कडी नीट बसत नाही हे खरं आहे. आजच माणूस बोलावतो. तोपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याने गेट ओढून लागल्याची खात्री करावी, ही विनंती.

सी ५०१: ताई, काका, दोघांनीही आजपासून हातात धरायचे दोन पट्टे वापरा, एक गळ्यातल्या पट्ट्याला आणि एक छातीभोवती बांधायच्या हार्नेसला. घाबरलेला कुत्रा मागे रेटा देऊन मान सोडवून घेतो, त्यामुळे गळ्याचा पट्टा दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट हवा. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आजच अडकवा. नवी आलेली कुत्री पहिल्या दिवसांतच जास्त हरवतात. आपल्याला त्यांचं घर माहीत असतं, त्यांना अजून माहीत नसतं.

आणि आजची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिला पळून जायला पूर्ण जागा होती, तरी ती तुमच्या मांडीशी आली.

ए ४०३: ताई, रात्री रडली तरी चालेल हो. मी कानात बोळे घालून झोपेन. तिला बोलू नका काही.

बी ३०४: काका, अंथरूण खोलीत आणतोय आजपासून. बहुतेक बोळ्यांची गरज पडणार नाही.

ए १०२: आमच्याकडची बातमी. बंड्या सतरंजीवरून स्वयंपाकघरापर्यंत आला आणि ओट्याखाली बसला. हिने झाडू कपाटामागे ठेवलाय.

बी २०१: मला एक विचारायचं होतं. आम्ही दोघं कामावर जातो. असा कुत्रा घेतला तर दिवसभर एकटा राहील का?

सी ५०१: राहू शकतो, पण ते शिकवावं लागतं. आधी दाराबाहेर जाऊन लगेच परत, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या, म्हणजे किल्लीच्या आवाजाने धडधड होत नाही. पहिल्या दिवसांत घरी कुणीच राहू शकणार नसेल तर मी थांबा असंच म्हणेन. सुट्टी हाताशी असताना आणा. मैना-बंड्यासारखे अजून खूप जण वाट बघतायत. पण परत पाठवलेल्या कुत्र्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ते मला बघवत नाही.

बी २०१: समजलं. दिवाळीच्या सुट्टीत बघू म्हणत होतो.

सी ५०१: फटाक्यांचे दिवस टाळा ओ. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे चिरके आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंतचे. नव्या घरात आल्या आल्या तो दणदणाट नको. दुसरी कुठलीही सुट्टी बघा, मी मदतीला आहे.

सेक्रेटरी: कडी बसवून झाली. दुसरी सूचना, उद्या सकाळी १० ते १२ सी विंगच्या गच्चीवर ड्रिलचं काम आहे, आवाज होईल. बी ३०४ आणि ए १०२ यांनी नोंद घ्यावी. यापुढे असं काम असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर टाकत जाईन.

ए १०२: नोंद घेतली. बंड्याला त्या वेळात मागच्या खोलीत ठेवतो, रेडिओ लावून.

बी ३०४: आम्हीही. आणि सी ५०१ ताई, माझी डावी चप्पल सापडत नाहीये.