मदत हवी आहे: स्टेशन वॅगनमध्ये झोपायला कोणती गादी घ्यावी?

मैलाचादगड
शुक्रवारी पहाटे निघायचंय आणि सहा रात्री गाडीतच झोपायचंय. रविवारी मागची सीट पाडून, दोन गोधड्या टाकून झोपून बघितलं. पहाटे तीनला कंबर धरली, उठून बसले ती बसलेच. एवढंच सांगा, हवेची गादी घेऊ की फोमची? जरा लवकर सांगा, मागवायलाही दिवस लागतात.

चारचाकी
मॉडेल कोणतं, किती जण, उंची किती, सीट पाडल्यावर मागे सपाट होतं का? हे कळल्याशिवाय गादीचं काय सांगणार?

मैलाचादगड
दोघं आहोत. जुनी गाडी आहे, जवळजवळ सपाट होते. गादीचं सांगा ना प्लीज.

निळीछत्री
हवेची मुळीच घेऊ नका. आमच्या गादीला सीटबेल्टच्या बकलचा कोपरा लागला आणि पहिल्याच रात्री आम्ही पत्र्यावर आलो. थंडीत आतली हवा गार पडते, खालून पाठ गारठते. दिवसा उन्हात गाडीत फुगवून ठेवली तर आणखी ताणते आणि शिवणीवर फुटते. ५ सेमी जाडीचा, ४० डेन्सिटीचा फोम घ्या आणि मोकळ्या व्हा.

गोगलगाय
हे काही पटलं नाही. फोमची गुंडाळी दिवसभर ठेवायची कुठे? हवेची गादी घडी करून सीटखाली जाते. बकलवर जुने मोजे चढवायचे, गादीखाली फोमची पातळ चटई घालायची. चार वर्षं एकच गादी वापरतोय. झोपायच्या आधी मात्र थोडी हवा भरावी लागते, कारण गारव्याने ती सैल पडते.

निळीछत्री
मोजे आम्हीही चढवले होते. बकल हलतं, मोजा निघतो.

दूरचादिवा
गादीचा विचार सोडा, छतावरचा तंबू लावून टाका. ओली काच नाही, कंबर नाही, काही नाही. आम्ही त्याच्याशिवाय जातच नाही.

चारचाकी
दूरचादिवा, गाडी चालत असताना छताने किती वजन पेलावं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तंबू आणि खालचे आडवे बार मिळून त्या आकड्यात बसतात का, हे बघितल्याशिवाय असा सल्ला देऊ नये. आणि त्यांनी तंबू विचारलेलाच नाही.

रंधा
ताई, दुखणं "जवळजवळ" या शब्दात आहे. एक लांब सरळ पट्टी डिकीच्या टोकापासून पुढच्या सीटपर्यंत ठेवा आणि खाली कुठे किती फट राहते ते मोजा. डोकं कुठल्या बाजूला ठेवलं होतंत तेही सांगा.

मैलाचादगड
मोजलं. डिकीचा तळ संपतो तिथे ७ सेमीची पायरी आहे. तिथून पाडलेली पाठ पुढे चढत जाते, टोकाला ११ सेमी भरते. डोकं डिकीकडे होतं. डिकीच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंत १७४ सेमी. नवरा १८१ सेमी आहे, तो तिरका झोपतो आणि मी उरलेल्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन.

चारचाकी
उंची मी पहिल्याच प्रतिसादात विचारली होती!

रंधा
आता चित्र स्पष्ट झालं. तुमची कंबर नेमकी त्या पायरीवर येते, आणि पाय डोक्यापेक्षा वर. यावर २० सेमीची गादी टाकलीत तरी गादीही तेवढाच उतार घेऊन पडेल. आधी तळ सपाट करा. १२ मिमी प्लायवुड, डिकीच्या भागाखाली ११ सेमीच्या आडव्या पट्ट्या, मध्ये बिजागरी म्हणजे दुमडता येईल. डिकीत सामान बांधायचे हूक असतात, त्यांना फळी पट्ट्याने आवळायचीच. मोकळी फळी जोरात ब्रेक लागला की पुढच्यांच्या मानेवर येते.

चारचाकी
थांबा, लाकूड कापायच्या आधी एक बघा. जुन्या वॅगनमध्ये बरेचदा आधी सीटची बैठक पुढे उलटायची असते आणि मग पाठ त्या खड्ड्यात पाडायची. थेट बैठकीवर पाठ पाडली की असाच चढ राहतो. बैठकीच्या मागच्या कडेला कापडी पट्टी आहे का? ती ओढा. आणि पुढच्या सीटा पूर्ण पुढे सरकवून पुन्हा मोजा.

काजवा
तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. रात्री काचा पूर्ण बंद ठेवू नका. दोन माणसांच्या श्वासाने सकाळी काचेवरून पाणी ओघळतं आणि उशीची कड भिजते. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या आणि त्यावर जाळी.

दूरचादिवा
उकाडा असेल तर काचा लावून एसी चालू ठेवा, इंजिन सुरू राहिलं तर काय होतं.

काजवा
कृपया असं सांगू नका. धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन सुरू ठेवून झोपायचं नाही, आत स्टोव्ह पेटवायचा नाही.

मैलाचादगड
चारचाकी, पट्टी होती! आठ वर्षं गाडी आहे आणि कधी ओढली नव्हती. बैठक उलटली, पण ती पुढच्या सीटमागे उभी राहून जागा खात होती. मग दिसलं की ती तारेच्या दोन कड्यांवर अडकवलेली आहे. दाबून सोडवली आणि घरात ठेवून दिली. पाठ आता खाली बसते, पायरी जेमतेम १ सेमी. पुढच्या सीटा सरकवून १९६ सेमी मिळतात, पण पुढे ३० सेमीचा खड्डा उरतोय.

रंधा
तिथे तळाच्या उंचीचं खोकं बसवा, आत कपडे भरा. डोकं आता त्या बाजूला ठेवा, छत तिथे उंच असतं. घरी आल्यावर बैठक बसवाल तेव्हा बेल्टची बकलं वर काढून घ्या, खाली अडकली तर मागे कुणाला बेल्टच लावता येणार नाही.

काजवा
आणि मागचं दार आतून उघडतं का ते घरीच बघा. काही गाड्यांत दाराच्या आतल्या अस्तरात छोटं झाकण असतं, त्यामागे खिट्टी. रात्री अंधारात शोधू नका.

मैलाचादगड
झाकण सापडलं, खिट्टी पेचकसाने सरकते. पेचकस दारालाच बांधून ठेवला. काल रात्री अंगणात दोघं झोपलो, खोक्यासकट. साडेपाचला जाग आली, कंबर ठीक. गोधड्या मात्र पातळ पडतात, तेव्हा फोम आणतेय, ५ सेमीचा. दिवसा रचून ठेवता यावा म्हणून दोन तुकडे करणार आहे. मधोमध कापू का?

निळीछत्री
मधोमध नको, सांधा कमरेखाली येईल. पायाकडून ६० सेमीवर कापा.

गोगलगाय
आणि दोन्ही तुकड्यांना एकच खोळ शिवा, नाहीतर रात्रीत सरकून फट पडते.