ट्युब्युलर ॲडेनोमा आणि सेसाइल सेरेटेड लीजन: दोन्हींतून कॅन्सर एकाच वाटेने होतो का?

प्रश्न: बायॉप्सी रिपोर्टमध्ये मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला ६ मिमीचा ट्युब्युलर ॲडेनोमा आणि उजव्या बाजूला १२ मिमीचं सेसाइल सेरेटेड लीजन (देठ नसलेलं, करवतीसारख्या दातेरी रचनेचं) आहे. दोन्ही पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या गाठी. सेरेटेडमध्ये डिसप्लेझिया (पेशींचा कॅन्सरकडे झुकणारा बिघाड) नाही. दोन्ही काढलेत. जास्त धोक्याचं कोणतं? पुढची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) कधी?

उत्तर १: वाटा वेगळ्या आहेत. ॲडेनोमाची सुरुवात बहुधा एपीसी जनुक निकामी होण्यापासून होते. हे जनुक पेशींच्या वाढीवरचा ब्रेक. तो सुटला की अस्तरावर गाठ धरते. पुढे वाढीचा इशारा देणारं केआरएएस जनुक बिघडलं की ती वाढते, आणि बिघडलेल्या पेशींना रोखणारं टीपी५३ जनुक गेलं की पेशी अस्तराखालच्या थरात घुसू शकतात. त्या थरात शिरल्यावरच त्याला कॅन्सर म्हणतात. याला बहुधा १० वर्षं किंवा जास्त लागतात आणि बहुतेक ॲडेनोमा तिथवर पोचतच नाहीत. आकार १० मिमी किंवा जास्त, व्हिलस (बोटांसारखी) रचना किंवा हाय-ग्रेड (तीव्र) डिसप्लेझिया असेल तर मात्र जपायला हवं.

उत्तर २: सेरेटेडमध्ये पहिला बिघाड बहुतेकदा बीआरएएफ या वाढीच्या जनुकाचा. मग मेथिलेशनमुळे (डीएनएवर रासायनिक खुणा चिकटल्यामुळे) एमएलएच१ जनुक बंद पडतं. ते तुटत नाही, त्याला जणू कुलूप लागतं. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्यांपैकी हे एक. ते बंद पडलं की चुका साचत जातात. म्हणून यात एकदा डिसप्लेझिया आला की पुढचा प्रवास झपाट्याने होऊ शकतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तो नाही, ही खरंच चांगली गोष्ट.

अडचण सेरेटेड सापडण्याची आहे. चपटं, रंग अस्तराचाच, कडा धूसर, वर पिवळसर चिकट थर. पाण्याने धुतल्याशिवाय खालचं दिसत नाही. रक्तही फारसं येत नाही, त्यामुळे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. पोट साफ करायचं सगळं औषध आदल्या रात्रीच संपवलं, तर सकाळपर्यंत लहान आतड्यातला स्राव उजव्या बाजूला येऊन बसतो. अर्धा डोस तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचा तो यासाठीच.

प्रश्नकर्ता: मग तारीख कशावरून धरायची?

उत्तर ३: सेरेटेडवरून. अमेरिकेच्या मल्टि-सोसायटी टास्क फोर्सच्या (पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांच्या गटाच्या) २०२० च्या शिफारशीत १० मिमी किंवा मोठ्या सेसाइल सेरेटेडला ३ वर्षं दिली आहेत. नुसता ६ मिमीचा ॲडेनोमा असता तर ७ ते १०. अर्थात आतडं नीट साफ होतं आणि पॉलिप पूर्ण निघाला, हे गृहीत धरून. धूसर कडांमुळे सेरेटेडचा काठ मागे राहू शकतो, तेव्हा तो अखंड निघाला की तुकड्यांत, हे कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये पाहा. २० मिमी किंवा मोठा पॉलिप तुकड्यांत काढला असेल तर ६ महिन्यांनीच ती जागा पुन्हा बघतात. तुमचा १२ मिमीचा तुकड्यांत निघाला असेल, तर ३ वर्षं थांबायचं की आधी बघायचं, हे काढणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.