सिग्नल फ्रेम ओळखायला काय वापरता? (६४ बिट आर्म, खर्च शून्य)

शिरोली_कंट्रोलर
मंडळी, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान बघणारा आमचा प्रोग्रॅम आहे. लिनक्स, सी लायब्ररी मसल. सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल) आला की हँडलरमधून, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून, कॉल स्टॅक (कुणी कुणाला कॉल केलं ती साखळी) लॉगला लिहायचा आहे. मी लिहिलेला छोटा अनवाइंडर (ही साखळी मागं उलगडणारा कोड) सीएफआय, म्हणजे कंपायलरनं ठेवलेली उलगडायची माहिती, वाचत हँडलरपर्यंत जातो आणि तिथंच, सिग्नल फ्रेमपाशी (सिग्नल आल्यावर स्टॅकवर पडणारी नोंद), अडकतो. काय वापरावं? नवीन खरेदी नाही, मालकांनी आधीच सांगितलंय.

उद्यमनगरकर
जेटॅग डीबगर (बोर्डला जोडून प्रोसेसर तपासायचं यंत्र) घ्या की सरळ. आम्ही घेतला, पैसे कधीच वसूल झाले.

रंकाळा_रूट
लिबअनवाइंड ही तयार लायब्ररी. प्रत्येक पायरीला 'इज सिग्नल फ्रेम' विचारायचं, विषय संपला. आमच्या दूध संकलनाच्या मशीनवर हेच चालू आहे, लई भारी चालतंय.

कोथरूड_कोअर
हँडलरमध्ये बॅकट्रेस (स्टॅक काढायचं तयार फंक्शन) तेवढं बोलवू नका. ग्लिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीत पहिल्या कॉलला लिबजीसीसी ही लायब्ररी लोड होते, त्यात मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) येऊ शकतो. क्रॅशच मॅलॉकमध्ये झाला असला तर प्रोसेस मरतही नाही, नुसती लटकते. आमची रात्रभर लटकली होती. कोअर डंप (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची फाइल) घ्या आणि जीडीबी या डीबगरमध्ये उघडा.

उद्यमनगरकर
कोअर लिहून लिहून फ्लॅश खराब होते. आमची दोन कार्डं गेली. म्हणून जेटॅग.

कोथरूड_कोअर
कार्ड स्वस्तातलं असणार. इंडस्ट्रियल ग्रेड घ्यायचं असतं.

कागलकर
कार्डांसाठी वेगळा धागा काढा की राव. हँडलरला कुणी कॉल केलेलं नसतं. कर्नल हा प्रोग्रॅमच्या स्टॅकवर फ्रेम रचतो आणि परतीचा पत्ता सिगरिटर्नच्या ट्रॅम्पोलीनचा (हँडलर संपल्यावर कर्नलकडं परत नेणारा छोटा कोड) देतो. सीएफआय असेल तर तिथं ऑगमेंटेशन या खुणांच्या अक्षरांमध्ये 'एस' हे अक्षर असतं. तुमच्याकडं ते नाही, म्हणून अडकताय. त्या पत्त्यावरच्या दोन सूचना वाचा: एक्स८ रजिस्टरमध्ये १३९ (सिगरिटर्नचा नंबर), मग एसव्हीसी ० (कर्नलला हाक मारणारी सूचना). जुळल्या की सिग्नल फ्रेम. जीसीसी आणि एलएलव्हीएमचे अनवाइंडरही आर्मवर हेच करतात. तिथं एसपीपासून (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) १२८ बाइट सिगइन्फो (सिग्नलची माहिती), पुढं यूकॉन्टेक्स्ट (थांबवलेल्या कोडची रजिस्टरं). पीसी (चालू सूचनेचा पत्ता), एसपी, सगळं त्यातून उचला.

रंकाळा_रूट
हेच मी वर सांगितलं. आणि पीसीतून एक वजा करायला विसरू नका.

कागलकर
सगळीकडं नाही, भावा! साध्या फ्रेममध्ये पीसी म्हणजे कॉलच्या पुढचा पत्ता. ॲबॉर्टसारखा, कधीच न परतणारा कॉल फंक्शनच्या अगदी शेवटी असला तर तो पत्ता पुढच्या फंक्शनात पडतो, म्हणून वजा. सिग्नलनं थांबवलेल्या फ्रेममध्ये पीसी खुद्द त्या सूचनेचाच असतो. स्टॅक ओव्हरफ्लो (स्टॅकची जागा संपणं) बऱ्याचदा फंक्शनच्या पहिल्याच सूचनेवर होतो; तिथं एक वजा केलं की लॉगमध्ये शेजारच्या फंक्शनचं नाव. आमच्याकडं असंच व्हॉल्व्हच्या कोडवर खापर फुटलं आणि त्यात काहीच चूक नव्हती. ट्रॅम्पोलीन तपासतानाही वजा नको.

बिंदू_चौक
ओव्हरफ्लो पकडायला सिगऑल्टस्टॅक (हँडलरसाठी वेगळा स्टॅक) लागतोच. मग 'एसपी वाढतच गेला पाहिजे' ही तपासणी सिग्नल फ्रेमला फसते, ती तिथं सोडा.

शिरोली_कंट्रोलर
सगळ्यांचे आभार. बोर्डवर उलगडायचंच नाही असं ठरवलं. हँडलर नोंदवताना एसए_सिगइन्फो हा फ्लॅग दिला की हँडलरच्या तिसऱ्या अर्ग्युमेंटात यूकॉन्टेक्स्ट आयताच मिळतो. रजिस्टर, स्टॅकचा तुकडा आणि मॅप्स (मेमरीत कुठं काय लोड आहे ती यादी) राइट कॉलनं फायलीत टाकतो, उलगडा ऑफिसच्या लॅपटॉपवर.

कागलकर
आणि अलार्म सिग्नलच्या (ठरलेली वेळ झाली की येणारा) हँडलरमध्येच क्रॅश झाला तर? मधली सिग्नल फ्रेम ओळखावीच लागेल.

शिरोली_कंट्रोलर
अलार्म काढून टायमरएफडी (सिग्नलऐवजी फायलीसारखा वाचायचा टायमर) घातलाय. दुसरा हँडलरच उरला नाही.

उद्यमनगरकर
तरी जेटॅग बघून ठेवा.