पाव 3 चा 5 झाला ते कळलं, पण लहान कधी झाला?

फोंडेकर:
गोव्यातल्यांनीच सांगा. मी बारावीत होतो तेव्हा पाव 3 ला मिळायचा, मग 4 झाला, आता 5. भाव वाढला ते ठीक, सगळंच वाढलंय. पण आईचं म्हणणं पाव लहानही झालाय, पूर्वी दोन पाव नि पातळभाजी खाल्ली की पोट भरायचं, आता तीन लागतात. बाबा म्हणतात तुमचीच भूक वाढलीय. कुणी वजन करून बघितलंय का?

म्हापश्याची बाय:
आई बरोबर आहे तुझी!! आमच्याकडे रोज 10 पाव लागतात, म्हणजे 1 रुपया वाढला की महिन्याला 300 गेले. उंड्याचं, म्हणजे त्या गोल कडक पावाचं, पण तेच, नुसतं कवच नि आत हवा.

भट्टीवाल्याचा भाचा:
मामाची भट्टी आहे म्हणून सांगतो. पावाचा भाव आठ आण्यांनी वाढवता येत नाही, सुट्टे आहेत कुणाकडे, त्यामुळे वाढला की सरळ रुपयाच, 3 चे 4 म्हणजे 33 टक्के, मग लोक पदेराला, म्हणजे पाववाल्याला, दारातच ऐकवतात, म्हणून मधली वर्षं भाव तोच ठेवायचा नि गोळा थोडा थोडा लहान करायचा. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली, तरी मैदा महागच घ्यावा लागला. त्यात लाकूड, आणि पहाटे उठून पीठ मळायला माणूस कोण मिळतो सांगा. वर सायकलवाल्याचा नि दुकानदाराचा वाटा आहेच. आजोबा सुर, म्हणजे माडाची ताडी, घालून पीठ फुगवायचे, आता यीस्ट, ते पण विकतच. चोर म्हणू नका एवढंच.

म्हापश्याची बाय:
चोर कोण म्हणालं? पण लहान करता ते कबूल केलंस ना 😄

सासष्टीकार:
फोंडेकर, वजन करणार तर एकच पाव ठेवू नका, हाताने केलेला गोळा, कमीजास्त होणारच. दहा एकदम ठेवा. आणि सकाळचा सकाळीच, संध्याकाळपर्यंत सुकून हलका होतो, मग उगाच पदेरावर आळ.

फोंडेकर:
बरं. उद्या पदेराच्या भोंग्याचं पों पों ऐकलं की काटा घेऊनच बाहेर येतो. बाबांना अजून सांगितलेलं नाही.